सुट्टी कधी हाय?

मागच्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं टाकलं की जावयाच्या डोक्यात ताप गेला, मेंदूज्वर म्हणतात तो, भरती केलं आहे, कोणाला अनुभव असेल तर सांगा किती दिवस लागतात. खाली पंधरा-वीस हात जोडलेले, दोघांनी मंत्राचा ऑडिओ टाकलेला, आणि एकानं छातीठोक लिहिलेलं, आठ दिवस. मी लिहायला घेतलं, चार ओळी झाल्या, पुसल्या, परत लिहिल्या, शेवटी त्याला फोन केला आणि जे बोलायचं ते बोललो. पण फोनवर अर्धं राहूनच गेलं म्हणून बाकीचं इथं लिहून राहिलो.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आमचं गाव, रोडवर माझं ऑनलाईन सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, राशन कार्डात नाव चढवणं, पोट्ट्यांचे कॉलेजचे फॉर्म, दिवसभर हेच. पण २०२२ च्या पावसाळ्यात मोठेबाबांसोबत, म्हणजे माझ्या वडलांच्या मोठ्या भावासोबत, मी मोठ्या दवाखान्यात ४१ दिवस काढले आणि त्या ४१ दिवसांची वही माझ्याजवळ अजून आहे. पुतण्याची शाळेची वही होती, पहिल्या दोन पानांवर त्याचा निबंध आहे, माझा आवडता प्राणी बैल, आणि तिसऱ्या पानापासून मोठेबाबांच्या रक्तातलं सोडियम.

पोळ्याच्या दिवशी सुरू झालं सगळं. मोठेबाबा म्हणजे बैल सजवण्यात गावात एक नंबर, पण त्या दिवशी ओट्यावर डोकं धरून बसलेले. अंगात कणकण, डोकं दुखते म्हणे. पाणी लय झालं होतं त्या वर्षी, घराघरात तापाचे पेशंट, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली, दोन सुया दिल्या, बरं वाटलं. तीन दिवसांनी परत. मग तालुक्याला रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. (आमच्याकडं कोणाचंही रक्त तपासा, टायफॉईड निघतोच, हा एक वेगळा विषय आहे.) टायफॉईडच्या सुया सात दिवस. ताप उतरायचा, चढायचा, पण डोकं काही थांबेना आणि जेवण गेलं. एक दिवस गोठ्यात गेले आणि म्हणे दोन गाई काऊन बांधल्या, एकच तर हाय आपली. आम्ही हसलो. खरंच हसलो सगळे. नंतर वॉर्डातल्या मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं की डोक्यातला दाब वाढला की डोळा फिरवणारी नस दबते आणि एकाचे दोन दिसतात, तो दिवस होता दवाखान्यात पळायचा. आम्ही काय केलं, तर सुनेला ते त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागले म्हणून बाहेरचं काहीतरी आहे असं ठरलं आणि दोन दिवस उताऱ्यात गेले. मी शिकलेला माणूस, कॉम्प्युटरवर बसणारा, मी पण गाडीत पेट्रोल टाकून दिलं तिकडं जायला. लपवून काय करू.

तर ताप आल्यापासून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत १६ दिवस. वहीत हा आकडा मी नंतर लाल पेननं लिहिला, कारण सुट्टी कधी होणार याचं अर्धं उत्तर त्या १६ मध्येच होतं.

पोचलो तेव्हा मोठेबाबा हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. एका रेसिडेंट डॉक्टर मॅडमनी, लातूरकडच्या होत्या, कपाळावर भुवईच्या वर अंगठा जोरात दाबला, मग डोळे जरासे उघडले, काहीतरी गुरगुरले आणि उजवा हात उचलून मॅडमचा हात ढकलला. मॅडम मागच्या पोराला म्हणाल्या, ई दोन, व्ही दोन, एम पाच, नऊ. मला वाटलं औषधाचं नाव. नंतर रोज सकाळी राऊंडला ऐकून ऐकून पाठ झालं. डोळ्याचे ४, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६, असे एकूण १५ पैकी मार्क. १५ म्हणजे तुम्ही आम्ही, ३ म्हणजे काहीच नाही, शून्य नसतंच त्यात. मॅडमचं म्हणणं असं की भरती होताना हा आकडा काय आहे त्यावरून त्यांना बऱ्यापैकी अंदाज येतो, मेंदूच्या टीबीत शुद्धीत चालत आलेला पेशंट आणि खाटेवर उचलून आणलेला पेशंट, आजार तोच, औषध तेच, पण दिवस दुप्पट-तिप्पट आणि बरा झाला तरी मागं काही ना काही राहून जायची भीती जास्त.

तर मोठेबाबांना निघाला टीबी. मेंदूच्या आवरणाचा. आम्हाला पटेना, खोकला नाही, बेडका नाही, टीबी कसा? पण टीबी असाही होतो, छातीत काही दिसो न दिसो. आपल्याकडं सगळ्याला मेंदूज्वर हे एकच नाव आहे आणि घोटाळा तिथूनच होतो, कारण वॉर्डात आजूबाजूला पाच खाटा मेंदूज्वरच्या आणि पाचही जणांचा मुक्काम वेगवेगळा. कोणाच्या मेंदूवरच्या पडद्याला सूज, कोणाच्या खुद्द मेंदूला, कोणाला आतमध्ये पू झालेला. आणि जंतू कोणता त्यावर सुया किती दिवस हे ठरलेलं असतं, त्यात डॉक्टरला पण फारसं इकडंतिकडं करता येत नाही. मॅडमनी एकदा रात्री चहा पिता पिता सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं होतं. मेनिंगोकोकस नावाचा असेल तर साधारण ७ दिवस, न्यूमोकोकस असेल तर १० ते १४, काही जंतूंना २१, आणि हर्पिसचा व्हायरस असेल तर दर आठ तासांनी सलाईनमधून औषध १४ ते २१ दिवस, पेशंट पाचव्या दिवशी उठून बसला तरी. मेंदूच्या टीबीला गोळ्या किमान नऊ महिने, बऱ्याचदा वर्षभर, पण त्या घरी खायच्या असतात, दवाखान्यात राहणं गोळ्यांसाठी नसतं, मधल्या भानगडींसाठी असतं. आणि भानगडींना मोठेबाबांकडं काही तोटा नव्हता.

पण त्याच्या आधी आमची स्वतःची भानगड. पाठीतलं पाणी.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल, सही करा. आणि आमच्यातल्या सहा जणांनी सहा गोष्टी सांगितल्या. कोणाच्या साडूचा पाय गेला, कोणाच्या काकूला जन्माची कंबर लागली. माझा चुलतभाऊ, दादा, तो म्हणे वर्धेच्या मामाले इचारल्याशिवाय मी सही करत नाही. मामाचा फोन लागेना, वावरात रेंज नव्हती. असा दीड दिवस गेला. शेवटी मॅडमनी दादाला बाजूला घेतलं, स्वतःची पाठ त्याच्याकडं केली आणि बोटानं दाखवलं की मणक्यातली मुख्य नस इथं वरच संपते, आम्ही सुई घालतो ती इथं खाली, खाली नुसत्या दोऱ्यांसारख्या नसा पाण्यात तरंगत असतात. मग दादानं सही केली. पाणी काढताना मी दारात उभा होतो. मोठेबाबांना कुशीवर, गुडघे पोटाशी, जसं लेकरू झोपते तसं धरलं, आणि छोट्या बाटलीत थेंब थेंब पाणी पडायला लागलं. ते पाण्यासारखं साफ पाहिजे, म्हणे. मोठेबाबांचं होतं कडब्याच्या रंगाचं, जराशी पिवळी झाक. साखर कमी, प्रोटीन लय जास्त, आणि मशीनवर टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. आमचं नशीब, कारण त्या पाण्यात जंतू इतके कमी असतात की मशीन कित्येकदा निगेटिव्ह सांगते आणि टीबी असतोच, मग डॉक्टरांना अंदाजानं सुरू करावं लागते. आणि एक गोष्ट, आधी गावात, तालुक्यात ज्या सुया टोचल्या जातात त्यानं दुसरे जंतू अर्धमेले होतात, मरत नाहीत पण तपासणीत उगवतही नाहीत, मग नेमकं कोणतं औषध द्यायचं हेच कळत नाही आणि त्या घोळात दिवस जातात. शेजारच्या एका मास्तरांचं तसंच झालं होतं.

आता १४ नंबरच्या खाटेबद्दल सांगतो, ते मला विसरताच येत नाही. केळापूरकडचा एक पोट्टा, विशीतला, मेंढरं राखणारा. ताप, बडबड, झटके, आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आणला. त्याची माय ऊर बडवत होती. आमच्याच मॅडम ड्युटीवर. त्यांनी त्याचं शर्ट काढायला लावलं, लाईट अंधुक होता तर मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्या काखेत, कमरेच्या करदोट्याखाली, जांघेत, सगळीकडं बघायला लागल्या. मला वाटलं मार लागलाय का बघतात. डाव्या काखेत सापडलं, एक काळी खपली, जसा विडीचा चटका बसते तशी, भोवती लाल. दुखत नाही खाजत नाही म्हणून त्याला स्वतःला माहीत नव्हतं. स्क्रब टायफस. गवतात, झुडपात बारीक किडे असतात, त्यांची पिल्लं चावतात, डोळ्यानं दिसतही नाहीत. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्या विदर्भात ह्याची मोठी साथ आली होती, तेव्हापासून इकडचे डॉक्टर काख बघायला विसरत नाहीत असं मॅडम म्हणाल्या. त्याला डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, काही फार महाग औषध नाही ते, आणि तिसऱ्या दिवशी पोट्टा खाटेवर बसून मायला म्हणत होता मले भाकर पाहिजे. आठव्या दिवशी सुट्टी. ग्रुपवरच्या त्या माणसाचे आठ दिवस असे असतात. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, त्याचा पेशंट वेगळा होता.

आणि ११ नंबरला एक बारावीचा मुलगा. लहानपणापासून कान वाहायचा, घरच्यांनी तेल सोडलं, कापूस घातला, कान वाहणं म्हणजे काय आजार आहे का असं. तो पू कानाच्या हाडातून वर मेंदूत गेला आणि तिथं गाठ झाली. छोटं ऑपरेशन करून पू काढला, आणि त्यानंतर सुया, सहा आठवडे. आता बघा, हा पोरगा पंधराव्या दिवशी वॉर्डभर फिरायचा, सगळ्यांना पाणी आणून द्यायचा, माझ्या मोबाईलवर क्रिकेट बघायचा, आणि सुट्टी मात्र नाही. त्याचा बाप रोज राऊंडला हात जोडून उभा, साहेब आता तो चांगला हाय, सोयाबीन सोंगणीला आलं. पण गोळ्यांनी तो पू जात नाही, नसेतूनच औषध पाहिजे, दिवसातून तीन वेळा, आणि त्यांच्या गावात सुई देणारं कोणी नाही, उपकेंद्रातल्या सिस्टर आठवड्यातून कधी येणार कधी नाही. मोठ्या शहरात म्हणे नर्स घरी येऊन सलाईन लावून जाते आणि पेशंट घरचं खाऊन बरा होतो. म्हणजे त्या पोराचे शेवटचे तीन-चार आठवडे आजाराचे नव्हते, गावाच्या अंतराचे होते. हे कुठल्या केसपेपरवर लिहिलेलं नसते.

मोठेबाबांवर येतो. चौथ्या दिवशी टीबीच्या गोळ्या सुरू, चार औषधं वजनावर, कुटून नाकातल्या नळीतून, आणि सोबत सूज कमी करायला स्टेरॉईडची सुई. लघवी लाल झाली तर मोठाई, मोठेबाबांची बायको, रडायला लागली, रक्त जाते म्हणे. ते गोळीच्या रंगानं होते. सहाव्या दिवशी १५ पैकी ११. आम्ही पेढे वाटायचं बाकी ठेवलं होतं. सातव्या दिवशी परत ८. सीटी काढला, डोक्यात पाणी झालेलं. मेंदूतलं पाणी जिथून वाहते ती वाट सुजेनं बंद पडते आणि मागं पाणी तुंबते, नाला जाम झाल्यासारखं. नवव्या दिवशी ऑपरेशन, डोक्यातून कातडीच्या आतून पोटापर्यंत नळी. मग सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ. नॉर्मल १३५ ते १४५, मोठेबाबांचं ११८. दादा म्हणे एवढंच ना, मीठ देऊ चमचाभर जास्त. ते तसं नसते. मेंदूच्या आजारात शरीराचा मिठापाण्याचा हिशोबच बिघडते, आणि भरपाई पण हळूहळू करावी लागते, एकदम वर नेलं तर मेंदूला उलटा झटका बसते. रोज रक्त, रोज आकडा, ११८, १२१, १२०, १२४. माझी वही बाजारभावाच्या कागदासारखी दिसायला लागली. त्यातच स्टेरॉईडनं शुगर ३०० च्या वर गेली, आधी शुगर असल्याचं कोणाला माहीतच नव्हतं, मग इन्सुलिन. ज्याला आधीपासून शुगर, किडनी, दारूनं खराब झालेलं लिव्हर असं काही असते त्याचे दिवस वाढतातच, आणि आपल्याकडं माणूस पडेपर्यंत रक्त तपासत नाही त्यामुळं हे सगळं दवाखान्यातच पहिल्यांदा उघडं पडते.

तेराव्या दिवशी छातीत कफ, निमोनिया. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, लाळ श्वासनळीत जाते. आमच्यातल्याच एका आत्यानं, नाव घेत नाही, प्रसाद म्हणून चमच्यानं साखरेचं पाणी तोंडात घातलं होतं आदल्या दिवशी. त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, पण मॅडम ज्या भडकल्या तसं मी त्यांना आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. आठवडाभर वेगळी अँटिबायोटिक, दोन दिवस आयसीयूच्या दारात. व्हेंटिलेटर लागता लागता राहिलं. ज्यांना लागलं त्यांचे दिवस मी पाहिले आहेत, गळ्याला भोक पाडून नळी टाकतात, ती काढता काढता महिना जाते.

आता माझी चूक. बेशुद्ध पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. सिस्टर दोन, पेशंट चाळीस, ते काम नातेवाईकांचंच. दादाची आणि माझी पाळी लावलेली, मोबाईलवर अलार्म. सोळाव्या रात्री मी भिंतीला टेकून बसलो आणि डोळा लागला तो एकदम पाच वाजता उघडला. अलार्म वाजून वाजून मोबाईल बंद पडलेला. सकाळी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग. सिस्टरनं बोट दाबून दाखवलं, चांगली कातडी दाबली की पांढरी होऊन परत लाल होते, ही लालच राहिली. चार दिवसांत तिथं जखम. तीन बोटांची. एका रात्रीनं होत नाही, आधीपासून कच्ची होती ती जागा, असं सगळे म्हणाले, मला समजवायला म्हणाले असतील. हवेची गादी आणली त्यानंतर, भाड्यानं मिळते दवाखान्यासमोरच, पहिल्याच दिवशी आणायला पाहिजे होती. कोणाचा पेशंट असा पडून असेल तर आजच आणा.

विसाव्या दिवशी डोळे पिवळे. टीबीच्या गोळ्या लिव्हरला झोंबल्या. आणि इथं मोठेबाबांचे सगळ्यात जास्त दिवस गेले, १२. गोळ्या बंद कराव्या लागतात, तोपर्यंत लिव्हरला न झोंबणारी दुसरी औषधं चालू, आणि लिव्हरचा आकडा खाली आला की मग त्यातली एकेक गोळी परत सुरू, दोन-तीन दिवस थांबून रक्त, मग दुसरी. जसं मीटरचा फ्यूज उडते तेव्हा आपण एकेक बटण लावून पाहतो कोणत्यानं उडते. ह्या बारा दिवसांत पेशंटकडं पाहिलं तर काहीच होऊन राहिलं नाही असं वाटते. शुद्ध बरीच आलेली, १३ मार्क, मला ओळखलं, सेंटर कोण पाहते म्हणून विचारलं. आणि म्हणून घरचे ह्याच वेळी उचकतात. आता ठेवलं कायले, आता तर बोलून राह्यले. मोठाई रोज विचारायची, गावावरून रोज फोन, सुट्टी कधी हाय. मोठेबाबा स्वतः विचारायला लागले, कपाशीत बोंडअळी पाहिली का कोणी, सुट्टी कधी हाय.

त्याच आठवड्यात पलीकडच्या रांगेतला एक पेशंट घरच्यांनी स्वतःच्या मर्जीनं नेला. अशी सुट्टी घेताना कागदावर लिहून द्यावं लागते, अंगठा दिला त्याच्या बापानं. त्या पेशंटचा पण टीबीच, गोळ्या सोबत दिल्या, समजावून दिल्या. सहाव्या दिवशी परत आणला, स्ट्रेचरवर, गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी. ओकारी होते म्हणून दिल्या नाहीत. तो परत गेला नाही घरी. त्याच्या फाईलवर पहिल्यांदा ९ दिवस लिहिलेले असतील आणि दुसऱ्यांदा ३, कोणी नुसते आकडे पाहिले तर म्हणेल वा, लवकर सुट्टी झाली.

हे मुद्दाम लिहितो कारण कमी दिवस म्हणजे चांगलं असं आपल्या डोक्यात असते. चांदीपुरा व्हायरसचं नाव ऐकलं असेल, चांदीपुरा गाव आपल्या नागपूरकडचंच, १९६५ साली तिथल्या तापाच्या पेशंटच्या रक्तात हा व्हायरस पहिल्यांदा सापडला म्हणून जगभर त्याला ते नाव. वाळूमाशी चावून होते, लहान लेकरांना. २००३ मध्ये आंध्रात ३२९ लेकरं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली, त्या साली आपल्या विदर्भातही झाला होता, आणि २०२४ ला गुजरातेत परत आला. सकाळी खेळणारं लेकरू, दुपारी ताप, रात्री झटके, आणि कित्येक लेकरं दवाखान्यात एक-दोन दिवसाच्या वर टिकतच नाहीत. त्यांचा मुक्काम सगळ्यात कमी. त्यापेक्षा आमचे ४१ बरे.

कागदाचे दिवस राहिलेच. मी दुसऱ्यांचे कागद करून पोट भरणारा माणूस, आणि आमच्याच घरच्या राशन कार्डावर मोठेबाबांचं नाव वेगळं, आधारवर वेगळं. एका जागी बाप्पाजी सारखं लाडाचं नाव चढलेलं आणि दुसऱ्या जागी खरं. उपचाराच्या सरकारी योजनेत बसवायला गेलो तर नाव जुळेना. मी गावाला आलो, स्वतःच्या सेंटरवर रात्री अकरा वाजता स्वतःच अर्ज भरला, तहसीलला चकरा मारल्या, परत गेलो. त्यात सुट्टी थांबली नाही, पण एक तपासणी मात्र दोन दिवस लांबली. आता माझ्याकडं कोणी पण राशन कार्डाला आलं की मी पहिले आधार बाहेर काढायला लावतो, लोकं वैतागतात, वैतागू द्या. आणि टीबीच्या पेशंटला पोषणाचे पैसे खात्यात येतात, तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, खातं आधारला लिंक पाहिजे. गोळ्या फुकट असतातच.

३३ व्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, पेशंटची कमी आणि आमची जास्त. नाकातली नळी काढून आधी घट्ट पेज, मग मऊ खिचडी, बसवून, मान पुढं करून. लघवीची नळी काढली. जखमेचं ड्रेसिंग दादाला करायला लावलं, आठ दिवस रोज सिस्टरच्या समोर, त्याच्या हाताचा थरथराट जाईपर्यंत. फिजिओवाले पायाला दोरी बांधून उचलायला लावायचे. मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं, पेशंट बरा झाला की सुट्टी होत नाही, घर तयार झालं की होते. संडास कुठं आहे विचारलं त्यांनी, घरापासून किती लांब, पायऱ्या किती. आम्हाला हसू आलं, पण घरी गेल्यावर दुसऱ्याच रात्री ते कळलं.

वहीत मी नंतर हिशोब मांडला, उधारीच्या वहीसारखा. आमच्या सहीचा दीड दिवस. डोक्यातलं पाणी आणि सोडियम मिळून आठवडा. निमोनियाचे साताच्या आसपास, ते त्यातच थोडे मिसळलेले. लिव्हरचे बारा. जखम आणि शिकवणी आठ-नऊ. नुसता टीबी म्हणून जे दिवस उरले ते दहा-बारा पण भरत नाहीत. मॅडमना दाखवलं तर त्यांनी वही दोनदा उलटून पाहिली आणि त्या पहिल्या १६ वर बोट ठेवलं, बोलल्या काही नाहीत, पुढच्या पेशंटकडं गेल्या.

दिवाळीच्या दोन दिवस आधी सुट्टी झाली. गाडीत मोठेबाबा पूर्ण रस्ताभर खिडकीतून दुसऱ्यांच्या पराट्या, म्हणजे कपाशीची झाडं, पाहत आले आणि प्रत्येक वावराला नाव ठेवत आले. वर्षभर गोळ्या खाल्ल्या. डावा कान आता कमी ऐकू येते, चालताना जरा उजवीकडं जातात, बैल विकले. डोक्यातली नळी आहे तशीच आहे, ती कायमची. कानामागून मानेवरून खाली जाते, कातडीखाली बोटाला लागते, आणि माझा पुतण्या, तोच बैलाच्या निबंधवाला, मित्रांना घरी घेऊन येते दाखवायला की आमच्या आबाच्या मानेत वायर हाय. मोठेबाबा पण शहाणे, मान वाकडी करून हात लावू देतात आणि सांगतात, हळू दाब बाप्पा, आकाशवाणी नागपूर लागून राह्यलं.